ओळख चुकलेला जंतू आणि डॉ. कमल रणदिवे

लेकीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकविणाऱ्या वडिलांची इच्छा होती. ८ नोव्हेंबर १९१७ रोजी जन्मलेल्या कमल समर्थ यांनी दोन्ही बाबतींत ती डावलली. पेशींचा अभ्यास त्यांनी पत्करला आणि गणितज्ञ रणदिवे यांच्याशी विवाह करून त्या मुंबईस आल्या.

डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, ‘हेला’ पेशी वाढविणाऱ्या जॉर्ज गाय यांच्याकडे त्या ऊतिसंवर्धन शिकल्या. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ते तंत्र रुजविले. उंदरांच्या स्तनकर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा वाटा किती, हा त्यांचा मुख्य विषय.

पण त्यांचे नाव जोडले गेले ते एका जंतूशी. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण १९३६ पासून कुष्ठरुग्णांची सेवा करीत होते. मात्र कुष्ठजंतू प्रयोगशाळेत वाढत नसल्याने लस बनविणे अवघड होते. १९५८ मध्ये बापट, रणदिवे व खानोलकर यांनी रुग्णाच्या शरीरातून मिळविलेला एक जंतू वाढवून दाखविला. तो कुष्ठजंतू नव्हे, त्याचा भाऊबंद होता, हे पुढे उघड झाले. तरीही तो वाया गेला नाही. १९७९ मध्ये डॉ. एम. जी. देव व सहकाऱ्यांनी त्यापासून लस तयार केली, आणि तमिळनाडूतील मोठ्या चाचणीत तिने ६५.५ टक्के संरक्षण दिल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले.

परका जंतू उपयोगी का पडावा? कुष्ठजंतू भक्षकपेशीच्या पोटातच दडतो. एकटी भक्षकपेशी त्याला मारू शकत नाही. टी-पेशी जंतूचे तुकडे ओळखते, इंटरफेरॉन सोडते, तेव्हा भक्षकपेशी चवताळते. काही तुकडे दोन्ही जंतूंत समान असल्याने एकावर तयार झालेली टी-पेशी दुसऱ्यालाही ओळखते. कर्करोगाच्या गाठीतही असाच संवाद घडावा लागतो: एका पेशीने गाठीचे तुकडे दाखवायचे, मदतनीस टी-पेशीने हाक द्यायची, मारेकरी टी-पेशीने घाव घालायचा. याच जंतुकुळातील बीसीजी १९७६ पासून मूत्राशयाच्या कर्करोगावर वापरात आली.

१९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना उभारण्यात कमलताईंचा पुढाकार होता. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्या अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाच्या नोंदी गोळा करण्याच्या कामात गुंतल्या. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.