पर्सी ब्रिजमन

पर्सी विल्यम्स ब्रिजमन (२१ एप्रिल १८८२ – २० ऑगस्ट १९६१) हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ होते. अतिउच्च दाब निर्माण करणारे उपकरण व त्याच्या साहाय्याने लावलेले शोध यांसाठी त्यांना १९४६ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. धातूंच्या तन्य भंगाच्या अभ्यासातही त्यांचे कार्य मूलभूत मानले जाते.

जीवन

ब्रिजमन यांचा जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे झाला. त्यांचे वडील पत्रकार होते. १९०० साली त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला व १९०८ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे १९५४ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेथेच अध्यापन व संशोधन केले. १९१२ साली त्यांचा विवाह ऑलिव्ह वेअर यांच्याशी झाला.

उच्च दाबाचे संशोधन

त्यापूर्वीच्या उपकरणांत दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ३,००० किलोग्रॅमपर्यंतच दाब मिळत असे. दाब वाढला की अधिक घट्ट बसणारी जोडणी ब्रिजमन यांनी तयार केली. त्यामुळे गळतीचा प्रश्न सुटला आणि दाबाची मर्यादा पात्राच्या पोलादाच्या बळावर येऊन ठेपली. कालांतराने त्यांनी १,००,००० किलोग्रॅमहून अधिक दाब गाठला.

पोलादाचा भंग

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी पोलादाचे नमुने सर्व बाजूंनी द्रवाच्या दाबाखाली ठेवून ताणले. एरवी लवकर तुटणारे पोलाद अशा दाबाखाली कितीतरी अधिक ताणले जाते, असे त्यांना आढळले. सळई ताणली असता ती एका ठिकाणी बारीक होते. या भागास मान म्हणतात. मानेच्या मध्यभागी केवळ लांबीच्या दिशेने नव्हे, तर सर्व दिशांनी ताण पडतो. त्याचा हिशेब करण्याचे सूत्र त्यांनी १९४४ साली मांडले. ते ब्रिजमन सुधारणा या नावाने ओळखले जाते.

पोलादातील अशुद्ध कणांभोवती सूक्ष्म पोकळ्या निर्माण होतात. सर्व दिशांचा ताण त्या वाढवतो, तर दाब त्यांना रोखतो. म्हणून भंगापूर्वी पोलाद किती ताणले जाईल, हे त्याच्या गुणाप्रमाणेच प्रतिबलाच्या स्थितीवरही अवलंबून असते. वायू वा तेल वाहून नेणाऱ्या नळावर गंजाचा खड्डा किंवा खाच पडली, तर तेथील पोलाद गुळगुळीत नमुन्याच्या चाचणीपेक्षा कमी ताण सोसून फाटू शकते. केवळ त्या चाचणीच्या आकड्यावर विसंबून नळाची सुरक्षितता ठरवता येत नाही, ती याच कारणाने. १९५२ साली ब्रिजमन यांनी हे संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. मॅक्लिंटॉक यांनी १९६८ मध्ये आणि राइस व ट्रेसी यांनी १९६९ मध्ये पोकळ्यांच्या वाढीचे गणित मांडले.

विचार व अखेर

संकल्पनेचा अर्थ ती मोजण्याच्या कृतीतच असतो, असे मत त्यांनी १९२७ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले. १९३९ साली त्यांनी हुकूमशाही राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांना आपली प्रयोगशाळा बंद केली. अण्वस्त्रांच्या धोक्याचा इशारा देणाऱ्या १९५५ च्या रसेल–आइन्स्टाइन जाहीरनाम्यावर त्यांची स्वाक्षरी आहे. कर्करोग बळावल्यानंतर न्यू हॅम्पशायरमधील रँडॉल्फ येथे त्यांनी स्वतःचे जीवन संपवले.

पृथ्वीच्या अंतर्भागात विपुल असलेल्या एका खनिजास २०१४ साली ब्रिजमनाइट हे नाव देण्यात आले.