हद्दीवरच्या गावातला डॉक्टर आणि गर्भातल्या मेंदूची वाट

स्पेनमध्ये पेतीया दे आरागोन नावाचं एक छोटं डोंगरी गाव आहे. कारभार नवारा प्रांताचा, पण गावाच्या चारही बाजूंना आरागोनची हद्द. नावातसुद्धा आरागोनच. असं गाव म्हणजे काय, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. याच गावात १ मे १८५२ रोजी सांतियागो रामोन ई काहाल यांचा जन्म झाला. आईच्या पोटात बाळाचा मेंदू घडत असताना मज्जातंतूंना आपली वाट कशी सापडते, या प्रश्नाचं उत्तर त्यांनी शोधलं. ते बरोबर होतं, पण त्याचा पक्का पुरावा मिळायला शंभर वर्षं लागली.

वडील होते वैद्यकीचा व्यवसाय करणारे, शिस्तीचे कडक. मुलाला वेड चित्रं काढायचं. शाळेत लक्ष नाही म्हणून वडिलांनी त्याला कधी न्हाव्याकडे, कधी चांभाराकडे कामाला ठेवलं. अकराव्या वर्षी या पोराने लाकडाची तोफ बनवली आणि शेजाऱ्याचं फाटक उडवून दिलं. त्यापायी काही दिवस कोठडीतही काढले. शेवटी वडिलांनीच युक्ती केली. स्मशानातली जुनी हाडं आणून ती मुलापुढे चित्रं काढायला ठेवली. हाडांच्या चित्रांतून शरीरशास्त्राची गोडी लागली ती कायमची.

क्युबाचा ताप आणि पटकीची साथ

१८७३ मध्ये काहाल सारागोसा इथे डॉक्टर झाले. पाठोपाठ लष्करी डॉक्टर म्हणून क्युबाला रवानगी झाली. तिथल्या मलेरियाने अंगात काही उरलं नाही. १८७५ मध्ये ते परतले. पुढे क्षयानेही गाठलं. त्यातून सावरून १८७९ मध्ये त्यांनी सिल्वेरिया फान्यानास यांच्याशी लग्न केलं. मग वालेन्सियाला प्राध्यापकी मिळाली. १८८५ मध्ये तिथे पटकीची साथ आली. त्या साथीवर केलेल्या कामाबद्दल सारागोसाच्या प्रांतिक सरकारने त्यांना उत्तम जर्मन सूक्ष्मदर्शक भेट दिला. पुढच्या कामात त्याचा मोठा आधार झाला.

१८८७ मध्ये माद्रिदला लुईस सिमारो यांच्याकडे त्यांनी एक वेगळी स्लाइड पाहिली. इटलीच्या कामिलो गोल्जी यांनी शोधलेल्या चांदीच्या रंगप्रक्रियेने ती तयार केली होती. या रीतीत हजारो पेशींमधल्या मोजक्याच काळ्या होतात, पण होतात त्या फांद्यांसकट स्पष्ट दिसतात. अडचण एकच. मोठ्या प्राण्याच्या मेंदूत तंतूंची इतकी गुंतागुंत असते की एक तंतू कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हेच कळत नाही.

काहाल यांनी वेगळा विचार केला. घनदाट जंगलात झाड न् झाड ओळखता येत नसेल, तर रोपवाटिकेत जाऊन बघावं. त्यांनी पक्ष्यांचे आणि सस्तन प्राण्यांचे भ्रूण, नवजात पिल्लं घेतली. तिथे तंतू आखूड असतात, त्यांच्यावर चरबीचं आवरण चढलेलं नसतं आणि रंग नीट बसतो. तेव्हा बहुतेकांचं मत होतं की मेंदू म्हणजे एकच सलग जाळं. काहाल यांना मात्र प्रत्येक मज्जापेशी सुटी दिसली. एक दुसरीला भिडते, पण तिच्यात मिसळून जात नाही.

कुणी वाचेना

हे जगाला सांगायचं कसं? विज्ञानाची भाषा जर्मन आणि फ्रेंच. स्पॅनिशमध्ये लिहिलेलं बाहेर कोण वाचणार? मे १८८८ मध्ये काहाल यांनी बार्सिलोनात पदरच्या पैशांनी स्वतःचं नियतकालिक काढलं. प्रती फक्त ६०. त्याही बहुतेक परदेशी संशोधकांना टपालाने गेल्या. घरात लेकरं वाढत होती आणि प्राध्यापकाचा तुटपुंजा पगार छपाईत जात होता. याच काळात त्यांची एक लहान मुलगी आजाराने गेली. प्रयोगशाळा मात्र थांबली नाही.

पत्रं पाठवून कुणी हलेना, तेव्हा १८८९ च्या ऑक्टोबरात ते स्वखर्चाने बर्लिनच्या परिषदेला गेले. मोडकीतोडकी फ्रेंच बोलत त्यांनी एकेकाला बोलावून सूक्ष्मदर्शकाखालच्या स्लाइड दाखवल्या. त्या वेळचे नामवंत स्विस शास्त्रज्ञ कोलिकर यांनी पाहिलं आणि त्यांना पटलं. ७२ वर्षांच्या कोलिकर यांनी काहाल यांचं लिखाण वाचता यावं म्हणून पुढे स्पॅनिश शिकायला घेतली.

तंतूचं टोक

१८९० मध्ये काहाल यांना कोंबडीच्या काही दिवसांच्या भ्रूणात, मज्जारज्जूमध्ये, आणखी एक गोष्ट दिसली. वाढणाऱ्या प्रत्येक तंतूच्या टोकाला शंकूसारखी एक फुगीर जागा होती आणि तिला बारीक बारीक बोटं फुटलेली होती. समोर होती ती मेलेली, रंगवलेली पेशी, पण त्यांनी ओळखलं की जिवंतपणी हे टोक चाचपडत पुढे सरकत असणार. त्याला त्यांनी वाढशंकू म्हटलं.

मग पुढचा प्रश्न. हे टोक नेमकं त्याच दिशेला का जातं? १८९२ मध्ये डोळ्याच्या पडद्यावर काम करताना त्यांनी तर्क मांडला. पांढऱ्या रक्तपेशी जशा रसायनाच्या मागावर जातात, तसाच हा प्रकार असावा. भ्रूणातल्या काही पेशी रसायनं सोडतात आणि तंतू त्या संकेताकडे ओढले जातात.

१९०६ चं नोबेल त्यांना गोल्जींसोबत विभागून मिळालं. ज्यांच्या रंगामुळे हे सगळं दिसलं, त्या गोल्जींनी स्टॉकहोममधल्या भाषणात सलग जाळ्याचीच बाजू लावून धरली. दुसऱ्या दिवशी काहाल यांनी सुट्या पेशी मांडल्या.

१७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदला काहाल वारले. त्यांच्या तर्कातलं रसायन तोवर कुणाच्या हाती लागलं नव्हतं.

नेतृ

ते लागलं १९९४ मध्ये. अमेरिकेत मार्क टेसिए-लाविन यांच्या प्रयोगशाळेने कोंबडीच्या सुमारे २५,००० भ्रूणांच्या मेंदूंतून एक प्रथिन वेगळं काढलं. मज्जारज्जूच्या तळाकडच्या पेशी ते सोडतात आणि एका बाजूचे तंतू त्याच्या ओढीने मधल्या रेषेकडे येतात. काहाल यांनी वाढशंकू पाहिला होता तो याच तंतूंवर. प्रथिनाचं नाव ठेवलं नेट्रिन. ते घेतलं संस्कृतातल्या ‘नेतृ’ या शब्दावरून, म्हणजे वाट दाखवणारा. आपला नेता आणि नेतृत्व आले तेही तिथूनच.

हा संकेत माणसाच्या गर्भातही लागतो. नेट्रिन ओळखणाऱ्या रेणूच्या जनुकात बिघाड असला, तर काही जणांना एक हात हलवला की दुसराही आपोआप तसाच हलतो.

काहाल यांनीच प्रथम टिपलेल्या, मेंदूच्या वरच्या थरातल्या काही पेशींना आज त्यांचं आणि स्वीडनच्या रेट्सियस यांचं नाव आहे. त्या पेशी रीलिन नावाचं प्रथिन सोडतात, हे १९९५ मध्ये कळलं. खोलवर जन्मलेल्या मज्जापेशी वर सरकून आपापल्या थरात बसतात त्या या संकेतामुळे. गर्भात रीलिन तयारच झालं नाही, तर मेंदूला नेहमीच्या घड्या पडत नाहीत आणि बाळाची वाढ गंभीररीत्या खुंटते.

साठ प्रतींच्या त्या नियतकालिकातून सुरू झालेलं काम आज जगभरच्या वैद्यकीच्या पुस्तकांत आहे. मूळ लिखाण मात्र शेवटपर्यंत बहुतेक स्पॅनिशमध्येच राहिलं.