ब्लू-रेच्या ९४ वर्षं आधीचं ब्लू-रे: एडिसन आणि त्याची महागडी तबकडी

गेल्या दिवाळीत मामेभावाने ६५ इंची ४के टीव्ही घेतला आणि लगेच मला फोन केला, की सोबत ब्लू-रे प्लेयर घेऊ का. मी व्हिडिओ कॉम्प्रेशनशी संबंधित सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे घरात टीव्हीचा रिमोट जरी बिघडला तरी फोन मलाच येतो. आकडे मी तोंडपाठ सांगितले. ४के ब्लू-रे डिस्कमध्ये १०० जीबीपर्यंत डेटा मावतो आणि वेग १२८ एमबीपीएसपर्यंत जाऊ शकतो. स्ट्रीमिंगवर तोच सिनेमा साधारण १५ ते २५ एमबीपीएसमध्ये कोंबलेला असतो. अंधारातले सीन, धूर, पाऊस यात फरक डोळ्यांना दिसतो. म्हणजे डिस्क चांगली. मग घेऊ का, या प्रश्नाला मात्र मला उत्तर देता येईना.

कारण मी स्वतः डिस्क घेत नाही. उलट एका अ‍ॅपवर रीतसर पैसे भरून विकत घेतलेला सिनेमा मागच्या वर्षी माझ्या लायब्ररीतून गुपचूप गायब झाला, तरी मी त्याच अ‍ॅपवर अजून सिनेमे बघतो.

याच गोंधळात वाचता वाचता मी थॉमस एडिसनपाशी पोचलो. दिवा लावणारा एडिसन शाळेत सगळ्यांनीच वाचलाय. आज त्याची दुसरी बाजू सांगतो. जगातला सर्वात चांगला आवाज विकणारा आणि तरीही हरलेला एडिसन.

जन्म ११ फेब्रुवारी १८४७, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं मिलान गाव. शाळा जवळजवळ नाहीच. पोरवयात रेल्वेत पेपर विकले, मग तारयंत्रावर ऑपरेटर झाला. ऐकू कमी येणं लहानपणापासूनच होतं आणि पुढे ते वाढतच गेलं. हे लक्षात ठेवा, नंतर लागणार आहे.

१८७७ च्या शेवटी त्याने फोनोग्राफ बनवला: फिरणारी नळकांडी, तिच्यावर कथिलाचा पातळ पत्रा, आणि आवाजाच्या कंपनाने त्यावर खड्डे पाडणारी सुई. १९ फेब्रुवारी १८७८ ला पेटंट मिळालं. (गंमत म्हणजे बरोबर १३० वर्षांनी, १९ फेब्रुवारी २००८ ला, तोशिबाने एचडी डीव्हीडी बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि ब्लू-रे जिंकलं.) पण पेटंट मिळाल्यावर हा माणूस विजेच्या दिव्याच्या मागे लागला आणि फोनोग्राफ जवळपास दहा वर्षं तसाच पडून राहिला. तेवढ्यात ग्रॅहम बेलच्या मंडळींनी मेणाची नळकांडी आणली, आणि १८८७ मध्ये एमिल बर्लिनरने सपाट तबकडीचं पेटंट घेतलं. तो ग्रामोफोन.

इथे थोडं तांत्रिक. नळकांडीवर सुई पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच वेगाने रेघेवरून जाते. तबकडीवर तसं होत नाही. बाहेरची रेघ लांब, आतली आखूड, त्यामुळे मध्याकडे जाताना रेघेचा वेग कमी होतो आणि आवाज खराब होतो. म्हणजे इंजिनियरच्या नजरेने नळकांडी सरस. पण सपाट तबकडी साच्यात घालून ठोकता येते, एका साच्यातून हजारो प्रती निघतात. सुरुवातीच्या नळकांड्यांच्या प्रती काढणं इतकं कटकटीचं होतं की गायकांना तेच गाणं दिवसभर पुन्हा पुन्हा गावं लागे. शिवाय तबकड्या कपाटात पुस्तकांसारख्या उभ्या राहतात. एडिसनने १९०२ पर्यंत नळकांड्या साच्यात ओतायचं तंत्र पक्कं केलं, पण तोवर बर्लिनरच्या पद्धतीवर उभी राहिलेली व्हिक्टर कंपनी बरीच पुढे गेली होती.

सिनेमातही हेच. त्याचा कायनेटोस्कोप म्हणजे एकाच माणसाने भोकातून डोकावून बघायची पेटी. पडद्यावर सगळ्यांना एकदम दाखवलं तर पेट्या कोण घेणार, असा त्याचा हिशोब होता. ल्युमिए बंधूंनी पडद्यावर दाखवलं, आणि ७ जुलै १८९६ ला ते मुंबईत वॉटसन हॉटेलपर्यंतही पोचलं.

आता १९१२ वर येऊ. या वर्षी एडिसनने दोन गोष्टी आणल्या आणि दोन्ही वाचताना मला आपलीच गोष्ट वाचल्यासारखं झालं.

पहिली, घरगुती सिनेमाचं यंत्र. २२ मिलिमीटरची, सहज पेट न घेणारी फिल्म, तिच्यावर चित्रांच्या तीन बारीक रांगा शेजारी शेजारी. पहिली रांग पुढे फिरवत बघायची, मधली उलट फिरवत, तिसरी पुन्हा पुढे. थोड्या फिल्ममध्ये जास्त सिनेमा भरायची युक्ती, म्हणजे माझं रोजचंच काम. आणि बघून झालेली फिल्म पोस्टाने परत पाठवून, थोडे पैसे भरून दुसरी मागवायची सोय! नेटफ्लिक्सने १९९८ मध्ये पोस्टाने डीव्हीडी पाठवायला सुरुवात केली, त्याच्या ८६ वर्षं आधी. चाललं नाही. यंत्र महाग, चित्र बारीक, आणि ९ डिसेंबर १९१४ च्या रात्री वेस्ट ऑरेंजच्या कारखान्याला लागलेल्या प्रचंड आगीनंतर ते प्रकरण संपल्यातच जमा झालं.

दुसरी, डायमंड डिस्क. अखेर एडिसनही तबकडीवर आला, पण आपल्याच अटींवर. पाव इंच जाड, जड, मिनिटाला ८० फेरे. इतरांच्या तबकडीत रेघ डावी-उजवीकडे नागमोडी जाते, याची खाली-वर. इतरांची पोलादी सुई दर वेळी बदलायची, याला कायमचा हिरा. आवाज खरंच वरचढ होता, हे आजचे जाणकार संग्राहकही मान्य करतात. पण त्याची तबकडी व्हिक्टरच्या यंत्रावर लावली तर पोलादी सुई ती खरवडून टाकणार, आणि व्हिक्टरची तबकडी याच्या यंत्रावर वेगळा जोड लावल्याशिवाय वाजणार नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर पूर्ण बंदिस्त इकोसिस्टम.

लोकांना पटवायला १९१५ पासून त्याने टोन टेस्ट सुरू केल्या. नाट्यगृह भरलेलं, मंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. गाता गाता दिवे मालवायचे. दिवे लागले की कळायचं, गायिका केव्हाच निघून गेलीय आणि तबकडीच गातेय. असे हजारो कार्यक्रम गावोगाव झाले. अ‍ॅना केससारख्या गायिका त्यात असायच्या. गायिका आपला आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळवून घेत असल्याचंही पुढे बोललं गेलं. टीव्हीच्या शोरूममध्ये खास तयार केलेला डेमो व्हिडिओ लावतात ना, तसंच. मला यात फसवणूक वाटत नाही, पण परीक्षा देणाऱ्यानेच पेपर काढला होता एवढं खरं.

मग गाडी अडली कुठे? किंमत होतीच. त्याहून मोठी अडचण ही, की कोणती गाणी छापायची हे हा जवळजवळ बहिरा माणूस स्वतः ठरवायचा. यंत्राच्या लाकडाला दात लावून, कवटीतून येणाऱ्या कंपनातून तो आवाज तपासत असे. त्याला आवाजातला कंप आवडत नसे, जाझ तर अजिबातच नाही. लोक गायकाच्या नावावर तबकडी घेतात, हे त्याच्या गळी उतरत नव्हतं. व्हिक्टरकडे कारुसो होता. ज्याला कारुसो ऐकायचाय तो हिऱ्याची सुई घेऊन काय करणार? माझ्या मते इथेच अर्धा खेळ संपला.

उरलेलं नुकसान महायुद्धाने केलं. तबकडीवरच्या राळेच्या थराला फिनॉल लागायचं आणि ते युरोपातून यायचं. पुरवठा तुटला. एडिसनने स्वतःचा फिनॉलचा कारखाना उभारला, हे त्याच्या स्वभावाला धरूनच झालं. पण युद्धकाळातल्या तबकड्यांचा दर्जा घसरला, खरखर वाढली. ज्याचं सगळं दुकान दर्जावर चालतं, त्याच्या मालात खरखर!

आणि १९२० नंतर रेडिओ आला. संच एकदा घ्यायचा, मग गाणी फुकट. सुरुवातीच्या रेडिओचा आवाज डायमंड डिस्कपेक्षा वाईटच होता, पण लोक तासन् तास ऐकत बसले. एडिसनला हे खूळ वाटलं. मुलगा चार्ल्स रेडिओत उतरू म्हणत होता, बाप ऐकेना. (इथे मला हसू येतं. ऐकेना हे दोन्ही अर्थांनी खरं.) १९२५ मध्ये व्हिक्टर आणि कोलंबियाने मायक्रोफोन वापरून विजेवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि दर्जाची आघाडीही गेली. एडिसनकडे ते १९२७ मध्ये आलं. विजेच्या माणसाकडे वीज सर्वात उशिरा!

मधे १९२६ मध्ये त्याने एका बाजूला २० मिनिटं वाजणारी तबकडी काढली होती. नेहमीच्या तबकड्या तीन-चार मिनिटांत संपायच्या, त्या काळात. तीही पडली, कारण तिच्यासाठी वेगळी सुई लागायची, रेघा इतक्या बारीक की सुई घसरायची, आणि आवाज बारीक यायचा.

१९२९ च्या उन्हाळ्यात कंपनीने शेवटी सगळ्यांच्या यंत्रावर चालेल अशी साधी तबकडी काढली. सतरा वर्षं उशिरा. ऑक्टोबरमध्ये रेकॉर्डचा धंदाच बंद झाला. तोपर्यंत खेड्यापाड्यांतल्या जुन्या गिऱ्हाइकांसाठी नळकांड्याही निघत होत्या. हे मला त्याचं सर्वात आवडलं. माझा फोन चार वर्षांत अपडेट मिळणं थांबलं आणि हा माणूस १९२९ पर्यंत नळकांड्या छापतोय. १८ ऑक्टोबर १९३१ ला, ८४ व्या वर्षी तो गेला.

मामेभावाला मी शेवटी सांगितलं की दोन-तीन सिनेमे असे असतील जे तू दरवर्षी बघतोस, तर त्यांच्यापुरता प्लेयर घे, पण मोजक्याच कंपन्या आता ते बनवतात, तेव्हा लवकर घे. त्याने साउंडबार घेतला.

एडिसनची वेस्ट ऑरेंजची प्रयोगशाळा आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. तिथल्या जुन्या तबकड्या आणि नळकांड्यांतली बरीच गाणी अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाने एमपी३ करून वेबसाइटवर ठेवली आहेत. फुकट डाउनलोड. मी परवा ऑफिसच्या बसमध्ये अ‍ॅना केस ऐकली, तीनशे रुपयांच्या इअरफोनवर.