पंडिता रमाबाईंचा विसावा

मनुष्य कामाने जितका थकत नाही तितका चिंतेने थकतो, हा अनुभव लहानथोर सर्वांस आहे. पाऊस लांबला म्हणजे आपल्या एरंडोलकडील शेतकऱ्यास कपाशीची चिंता झोप येऊ देत नाही. परीक्षा जवळ आली म्हणजे विद्यार्थ्यापुढे पुस्तक उघडे असते, पण मन मात्र निकालाच्या विचारात गुंतलेले असते. सुमारे दोन हजार जिवांच्या अन्नवस्त्राचा भार शिरावर असता ज्यांनी आपले काम अखेरपर्यंत न डगमगता केले, अशा एका थोर स्त्रीचे चरित्र ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्या स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी म्हैसूर संस्थानातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांस संस्कृत शिकवू नये, अशी त्या काळची रूढी. ती मोडून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंस शिकविले, आणि लक्ष्मीबाईंनी आपल्या लेकीस. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडे. पुढे दुष्काळ पडला आणि १८७४ साली उपासमारीने आईबाप थोड्याच महिन्यांच्या अंतराने गेले. थोरली बहीणही वाचली नाही. भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई पायी देशभर फिरत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी त्यांची विद्वत्ता पाहून त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. परंतु १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी ह्यांच्याशी विवाह झाला, आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने पतीही गेले. तेविसाव्या वर्षी वैधव्य, आणि पदरी वर्षाची न भरलेली कन्या मनोरमा!

१८८३ साली रमाबाई इंग्लंडास गेल्या व तेथे वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिकेत बालविधवांची दुःस्थिती सांगणारा ग्रंथ लिहून त्यांनी लोकांची मने हलविली. बॉस्टन येथे स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले व पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. मुली ख्रिस्ती होतील ह्या शंकेने १८९३ साली मोठा वाद माजला. न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर ह्यांच्यासारख्या हितचिंतकांनी संस्थेशी असलेला संबंध सोडला, आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

बाप्तिस्मा झाल्याबरोबर रमाबाईंचे मन निश्चिंत झाले, असे मात्र नव्हे. ख्रिस्ती धर्म आपण बुद्धीने स्वीकारला, पण ख्रिस्त अद्याप आपल्या अंतःकरणास लाभला नाही, ही टोचणी त्यांस बरीच वर्षे होती. १८९१ च्या सुमारास त्यांनी आपला सर्व भार प्रभूवर टाकला आणि तेव्हा त्यांस शांती मिळाली, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेविले आहे.

ह्या शांतीची कसोटी लवकरच लागली. अमेरिकेतील साहाय्याची दहा वर्षांची मुदत सरत आली होती. पुढे काय? रमाबाई हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणविल्या आणि फळझाडे लाविली. उद्देश हा की, बागेच्या उत्पन्नावर संस्था चालावी. त्याच काळात ब्रिस्टॉल येथील जॉर्ज म्युलर ह्यांचे चरित्र त्यांनी वाचले. कोणापुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या आधारावर त्या गृहस्थांनी हजारो अनाथांचे पालन केले होते. हिंदुस्थानातही देव तसे करील, हा विश्वास रमाबाईंच्या मनात दृढ झाला.

इतक्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतातील भुकेल्या मुलींची हकीकत कानी पडताच त्यांस आपले मायबाप आठवले. झाडांस फळे यावयाची होती, हाती पैसा नव्हता. तरी त्या निघाल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचा कहर. नव्या मुलींस शहरात ठेवण्यास सरकारने मनाई केली. तेव्हा त्यांस केडगावच्या शेतात तंबूंत व झोपड्यांत ठेविले. तेथेच मुक्तिसदन उभे राहिले. ज्याला आपल्या खानदेशात छप्पन्याचा दुष्काळ म्हणतात, त्या १८९९-१९०० च्या काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या कुटुंबाचा निर्वाह कसा झाला? दिवसाचा आरंभ पहाटेच्या प्रार्थनेने होई. त्यानंतर प्रत्येकीस काम असे. कोणी मागावर, कोणी शेतात, कोणी गोठ्यात, कोणी तेलाच्या घाण्यावर, कोणी छापखान्यात. आंधळ्या मुलींसही बोटांनी वाचावयास शिकविले जाई. उद्याच्या दाण्याची चिंता देवाकडे आणि आजचे दळण आपल्याकडे, अशी ही वाटणी होती. आकाशातील पाखरांस देव पोसतो हे खरे, परंतु पाखरूही उजाडताच घरट्याबाहेर पडते.

उतारवयात रमाबाईंस ऐकू येईनासे झाले होते. तरी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, खेड्यातील साध्या बायांस समजेल अशा मराठीत सबंध पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्याचे काम त्या वर्षानुवर्षे करीत होत्या. त्याचे खिळे सदनातील स्त्रियाच जुळवीत. १९२१ च्या जुलैमध्ये त्यांची एकुलती एक कन्या आणि उजवा हात, मनोरमाबाई, मिरज येथे वारली. ज्या मातेने सारे आप्त एकेक करून गमावले, तिच्यावर हा शेवटचा घाव. तरीही हातातील लेखणी थांबली नाही. भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेविला, आणि १९२४ साली तो संपूर्ण ग्रंथ छापून बाहेर पडला. केडगावचे मुक्तिसदन आजही निराधारांस आसरा देत आहे.

बालमित्रहो, श्रद्धेने रमाबाईंचे दुःख टळले नाही, की काम हलके झाले नाही. टळला तो केवळ चिंतेचा व्यर्थ भार. आणि तो उतरल्यामुळे कामासाठी हात मोकळे राहिले. आईबापांनी संसाराचा व मुलांनी अभ्यासाचा भार वाहताना एवढे ध्यानात ठेवावे: आपल्या हातचे आहे ते मनापासून करावे, आणि जे आपल्या हाती नाही ते प्रार्थनापूर्वक देवाच्या हाती सोपवून स्वस्थ निजावे.