संदेशाला प्रकाशापुढे नेणारा लेखक

विज्ञानकथेत माणसाला ताऱ्यांपर्यंत धाडणे सोपे; त्याची खबर वेळेत घरी पोहोचवणे अवघड. या पेचाला भिडलेले अमेरिकी लेखक जेम्स ब्लिश यांचा जन्म २३ मे १९२१ रोजी न्यू जर्सीत झाला. शिक्षण जीवशास्त्राचे, काही काळ औषध कंपनीत नोकरीही केली.

‘सिटीज इन फ्लाइट’ या कथामालेत त्यांनी गुरुत्वाकर्षणावर मात करणाऱ्या यंत्राच्या बळावर अख्खी शहरे पृथ्वीवरून उचलली आणि रोजगाराच्या शोधात प्रकाशाहून अधिक वेगाने ताऱ्यांमध्ये फिरवली. तेथेही पोटाची चिंता सुटली नाही.

१९५४ च्या ‘बीप’ कथेतील ‘डिरॅक’ यंत्र संदेश तत्क्षणी पोहोचवते. मात्र प्रत्येक संदेशाआधीच्या क्षणिक ध्वनीत आजवरचे आणि यापुढचेही सारे संदेश दडलेले निघतात. भविष्य आधीच कळले, तर माणसाच्या निर्णयाला अर्थ काय उरतो? त्यांच्या कथांतील यान अंतर जिंकते; संदेश थेट काळालाच हात घालतो.

१९५९ मध्ये त्यांना ‘अ केस ऑफ कॉन्शन्स’ या कादंबरीसाठी ह्यूगो पुरस्कार मिळाला. १९७३ मध्ये त्यांनी ‘बीप’चा विस्तार कादंबरीत केला. ३० जुलै १९७५ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.