नवाब सालारजंग आणि अनाम कारागीर

मुसी नदीच्या दक्षिण तीरावरील सालारजंग संग्रहालय पाहिले नाही, असा हैदराबादचा विद्यार्थी विरळाच. परंतु ज्या पुरुषाने आपले आयुष्य व दौलत तेथील वस्तूंच्या पायी वेचली, त्याचे चरित्र मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

नवाब मीर युसुफ अली खान, म्हणजेच तिसरे सालारजंग, यांचा जन्म १३ जून १८८९ रोजी पुणे येथे झाला. निजामाचे कर्तबगार दिवाण म्हणून विख्यात असलेले पहिले सालारजंग हे त्यांचे आजोबा. बालक महिन्याचेही झाले नव्हते, तोच पिता मीर लाइक अली खान निवर्तले. पुढे १९१२ साली सातव्या निजामांनी या तेवीस वर्षांच्या तरुणाला दिवाणपद दिले. ते अधिकारपद त्यांनी १९१४ साली सोडले आणि उरलेले आयुष्य कलावस्तूंच्या संग्रहाला वाहिले. ते अविवाहित राहिले. दिवाण देवडी या त्यांच्या वाड्यातील दालने देशोदेशींच्या वस्तूंनी भरून गेली.

संग्रह करणाऱ्यापुढे एक प्रश्न नेहमीच उभा असतो : ही वस्तू घडविली कोणी? काही वस्तू त्याचे उत्तर स्वतःच देतात. पहिल्या सालारजंगांनी १८७६ साली रोमहून आणलेली अवगुंठित रिबेकेची संगमरवरी मूर्ती बेन्झोनी या शिल्पकाराची, हे आपण जाणतो. परंतु हरिताश्माच्या एका ग्रंथपीठावर नाव आहे ते सुलतान अल्तमशाचे. धनुर्धराच्या अंगठीवर बिरुद आहे ते शहाजहानचे. हा कठीण दगड ज्यांनी कोरला, त्यांचे नाव कोठेच नाही. वस्तूने धनी लक्षात ठेवला, कर्ता विसरला!

चांदीच्या बिदरी कामाची कथा अशीच आहे. जस्तात थोडे तांबे मिसळून वस्तू ओततात, तिच्यावर नक्षी कोरतात आणि त्या खाचांत चांदी ठोकून बसवितात. तार बसविली तर तारकशी, पत्रा बसविला तर तहनिशान. अखेरीस बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या योगाने धातू काळाभोर होतो, चांदी मात्र लखलखत राहते. कामाच्या धाटणीवरून जाणकार वस्तूचा काळ अजमावतात. परंतु हात कोणाचा, हे बहुधा सांगता येत नाही.

मेक्सिको देशातील तास्को या गावी याहून निराळे घडले. विल्यम स्प्रॅटलिंग या अमेरिकन गृहस्थाने १९३१ साली तेथे चांदीकामाची कार्यशाळा काढली. त्याच्या हाताखाली शिकलेल्या अनेकांनी पुढे स्वतंत्र कार्यशाळा थाटल्या व दागिन्यांवर आपापली मुद्रा उमटविली. म्हणून तेथील जुने कंकण उलटून पाहिले, की घडविणाऱ्याचा माग लागतो. आपल्या बिदरी कारागिरांना अशी मुद्रा लाभली असती, तर आज कित्येक घराण्यांचा इतिहास उजेडात आला असता.

२ मार्च १९४९ रोजी नवाबसाहेब निधन पावले. मागे प्रत्यक्ष वारस नव्हता. एवढा संग्रह विखुरला जाण्याचे भय होते. तसे घडले नाही. १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते दिवाण देवडीतच संग्रहालय खुले झाले. १९६१ साली संसदेने कायदा करून त्यास राष्ट्रीय महत्त्व दिले, आणि १९६८ साली ते आजच्या वास्तूत आले.

नवाबसाहेबांनी जपले नसते, तर यांतील कित्येक वस्तू आज कोठे असत्या, कोणास ठाऊक! त्यांचे नाव महाद्वारावर शोभते, हे योग्यच आहे. परंतु विद्यार्थी मित्रहो, काळ्या सुरईवरील केसासारखी बारीक रुपेरी तार पाहताना, ती बसविणाऱ्या अनाम हातांचेही ऋण आपल्यावर आहे, हे विसरू नये. आज जे कारागीर बिदरला व आपल्या शहरात काम करीत आहेत, त्यांची नावे तरी आपण विचारून, लिहून ठेवू या.