नव्या वर्षाला संत जोसेफ वाझ यांची सोबत



नव्या वर्षाच्या शुभेच्छा देऊन-घेऊन झाल्या. तीन राजांचा सण झाला आणि नाताळचे गोठे आवरून पुन्हा माळ्यावर गेले. वर्षाच्या पहिल्या दिवशी आपण प्रत्येकाने मनाशी काही ना काही ठरवले होते. कुणी रोज बायबल वाचायचे ठरवले, कुणी पहाटेच्या मिस्सेला यायचे, कुणी दारू सोडायची, तर कुणी घरात आवाज चढवायचा नाही असे. आता जानेवारीचा दुसरा आठवडा लागला. ऑफिस, लोकलची गर्दी, मुलांच्या परीक्षा सारे पूर्ववत सुरू झाले आणि हे संकल्प एकेक करून गळू लागले. नेमक्या याच सुमारास, १६ जानेवारीला, ख्रिस्तसभा संत जोसेफ वाझ यांचा सण साजरा करते. हा योगायोग आम्हाला मोलाचा वाटतो. संकल्प वर्षभर आणि आयुष्यभर कसा टिकवावा, हे या संताच्या चरित्रातून शिकता येते.

घर आणि शिक्षण

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यात बाणावली येथे, आजोळी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. आठव्या दिवशी बाणावलीच्या चर्चमध्ये त्यांचा स्नानसंस्कार झाला. सांकवाळला ते पोर्तुगीज शिकले आणि बाणावलीला लॅटिन. पुढे जुन्या गोव्यात येशूसंघीयांच्या सेंट पॉल कॉलेजात आणि नंतर डॉमिनिकन धर्मगुरूंच्या संत थॉमस अक्वायनस अकादमीत त्यांनी तत्त्वज्ञान व ईशज्ञानाचा अभ्यास केला.

संत थॉमस यांची एक शिकवण येथे आठवते. सद्गुण म्हणजे मुरलेली चांगली सवय. चांगली कृती पुन्हा पुन्हा केली की ती अंगवळणी पडते आणि मग तिचे ओझे वाटत नाही. मात्र श्रद्धा, आशा आणि प्रीती हे तीन गुण माणसाच्या कसरतीने मिळत नाहीत, ते देव देतो. आपण फक्त त्यांच्यासाठी रोजच्या दिवसात जागा करून ठेवायची. वाझ यांनी हे पुस्तकात वाचले आणि जन्मभर आचरले.

१६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर लवकरच गोरगरिबांप्रमाणे अनवाणी चालायला त्यांनी सुरुवात केली. सांकवाळ येथे, धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी, त्यांनी लॅटिनची शाळा काढली. ५ ऑगस्ट १६७७ रोजी त्यांनी एक लेख लिहून त्यावर सही केली आणि स्वतःला पवित्र मारियेचा कायमचा दास म्हणून वाहून घेतले. तेव्हा त्यांचे वय २६ होते. पुढची ३३ वर्षे, मरेपर्यंत, हा संकल्प त्यांनी मोडला नाही.

मागितले एक, मिळाले दुसरे

त्या काळी श्रीलंकेतील कॅथलिकांची अवस्था बिकट होती. डचांनी पोर्तुगीजांकडून १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना घेतले. आपल्या मुलखात त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली. धर्मगुरूला घरात आसरा देणाऱ्यावरही कडक शिक्षेची टांगती तलवार होती. वर्षामागून वर्षे लोटली. मुले जन्मली, म्हातारी माणसे वारली, पण मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, अखेरचे तैलाभ्यंगन नाही. हे ऐकल्यापासून वाझ यांना तिकडे जाण्याची ओढ लागली आणि त्यांनी तशी विनंती केली.

वरिष्ठांनी त्यांना १६८१ मध्ये पाठवले कानडा प्रांतात, म्हणजे आजच्या कर्नाटकच्या किनारपट्टीवर. तेथेही लोक संस्कारांना आसुसलेले होते. शिवाय पोर्तुगीज राजाने नेमलेले अधिकारी आणि रोमने नेमलेले महागुरुस्वामी यांच्यात अधिकाराचा वाद पेटला होता. वाझ यांनी चर्चे उभी केली, शाळा सुरू केल्या आणि दोन्ही बाजूंशी संयमाने वागून त्या वादाची धग भाविकांना लागू नये म्हणून झटले. श्रीलंका मिळाली नाही म्हणून ते कुढत बसले नाहीत. दिलेले काम त्यांनी मन लावून केले आणि १६८४ मध्ये ते गोव्याला परतले.

प्रेमाने बांधलेले घर

परतल्यावर जुन्या गोव्यात पवित्र क्रुसाच्या चर्चजवळ एकत्र राहणाऱ्या काही गोमंतकीय धर्मगुरूंच्या गटात ते सामील झाले. युरोपीय व्रतस्थ संघांची दारे तेव्हा देशी धर्मगुरूंना जवळजवळ बंदच होती. २५ सप्टेंबर १६८५ रोजी या गटाला ऑरेटरी म्हणून रीतसर मान्यता मिळाली आणि वाझ यांची प्रमुख म्हणून निवड झाली. त्यांनी स्वीकारलेली पद्धत रोमच्या संत फिलिप नेरी यांची होती. त्या पद्धतीत व्रतांची सक्ती नसते. ठरल्या वेळी एकत्र प्रार्थना, मिस्सा, अभ्यास आणि लोकांची सेवा, एवढीच दिनचर्या, आणि ती पाळायची परस्परांवरील प्रेमापोटी. हे घर इतके भक्कम ठरले की पुढे सुमारे दीडशे वर्षे येथून श्रीलंकेला धर्मगुरू जात राहिले.

अंधारात पेटलेला दिवा

पुढच्याच वर्षी वाझ यांनी प्रमुखपद सोडले. जॉन नावाच्या सेवक मुलाला बरोबर घेऊन ते निघाले आणि १६८७ मध्ये मजुराच्या वेषात जाफन्याला उतरले. प्रवासाने अंग मोडले होते, त्यात हगवणीने त्यांना मरणाच्या दारी नेले. बरे झाल्यावर ते गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागू लागले. जपमाळ पाहून कुणाच्या चेहऱ्यावर ओळख उमटते का, हे ते पाहत. असे एकेक घर सापडत गेले. रात्री मिस्सा, रात्रीच पापनिवेदन आणि उजाडायच्या आत दुसऱ्या गावी. आपल्याला नाताळची मध्यरात्रीची मिस्सा वर्षातून एकदा असते. त्या भाविकांना प्रत्येक मिस्सा तशीच होती, आणि तीही जिवावर उदार होऊन.

१६९२ मध्ये ते डोंगरातील कँडी राज्यात गेले. तेथे बौद्ध राजा दुसरा विमलधर्मसूर्य याची सत्ता होती. पोर्तुगीजांचा हेर असल्याच्या संशयावरून त्यांना कैद झाली. कैदेतही दिवस वाया गेला नाही. ते सिंहली भाषा शिकले, सवड मिळताच एक झोपडीवजा प्रार्थनास्थळ उभारले आणि लोक हळूहळू तेथे येऊ लागले. अवर्षणाच्या वेळी त्यांच्या प्रार्थनेने पाऊस पडला अशी परंपरा आहे. राजाने त्यांना संरक्षण दिले आणि मोकळेपणाने फिरू दिले.

१६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. राजा आणि सधन लोक शहर सोडून गेले, घरच्यांनीही आपल्या माणसांना टाकले. वाझ आणि गोव्याहून नुकतेच आलेले त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो मागे राहिले. धर्म न विचारता त्यांनी रोग्यांना खाऊ-पिऊ घातले, त्यांच्या जखमा धुतल्या आणि मृतांना मूठमाती दिली.

पुढे महागुरुस्वामी होण्याविषयी विचारणा झाली तेव्हा त्यांनी नम्रपणे नकार दिला. गावोगाव फिरणे चालू ठेवले. सिंहली व तामिळ भाषांत प्रार्थना आणि धर्मशिक्षण तयार केले. फादर नसताना प्रार्थना चालवणारा, मुलांना धर्मशिक्षण देणारा, प्रार्थनास्थळाची देखभाल करणारा, अशी जबाबदारीची माणसे त्यांनी गावातूनच नेमली. तामिळ भागात त्यांना मूप्पू आणि अण्णावी म्हणत. फादर वर्षातून एखादे वेळीच येत, पण संध्याकाळची प्रार्थना रोज होई. १६ जानेवारी १७११ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, कँडी येथे त्यांनी देह ठेवला. २४ वर्षांत ते गोव्याला एकदाही परतले नव्हते. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद बहाल केले.

आपल्यासाठी

आपल्या पूर्वजांनीही असाच काळ पाहिला आहे. १७३७ ते १७३९ या काळात साष्टी बेट आणि वसई मराठ्यांनी जिंकली. युरोपीय धर्मगुरू निघून गेले आणि अनेक चर्चे ओस पडली. बोरिवलीच्या मंडपेश्वरचे भग्नावशेष आजही उभे आहेत. तेव्हा देशी धर्मगुरू आणि घरोघरच्या संध्याकाळच्या प्रार्थना यांच्या बळावर येथील श्रद्धा टिकली. आज चर्च हाकेच्या अंतरावर आहे, रोज मिस्सा आहे. तरी कित्येक घरांत संध्याकाळची प्रार्थना बंद पडली आहे, आणि ती कुणी बंदी घातली म्हणून नव्हे.

म्हणून या वर्षी मोठे संकल्प बाजूला ठेवून तीन लहान गोष्टी करू या. सकाळी डोळे उघडल्यावर मोबाइल हातात घेण्याआधी क्रुसाची खूण करावी आणि आजचा दिवस प्रभूच्या हाती द्यावा. संध्याकाळी घरात जितकी माणसे असतील तितक्यांनी मिळून जपमाळेचे एक दशक म्हणावे. पाळीमुळे कुणी उशिरा येत असेल, तर त्याने ते लोकलमध्ये बसून किंवा उभ्याने म्हणावे. आठवड्यातून एकदा आपल्याच इमारतीतील किंवा चाळीतील एखाद्या आजारी वा एकट्या माणसाची विचारपूस करावी. त्याचा धर्म विचारण्याची गरज नाही.

एखाद्या दिवशी हे राहून जाईल. तेव्हा स्वतःला बोल लावत बसू नये आणि सारेच सोडूनही देऊ नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी. वाझ यांना श्रीलंका गाठायला कित्येक वर्षे थांबावे लागले आणि पोहोचल्यावरही आधी आजार, मग कैद वाट्याला आली. प्रत्येक वेळी त्यांनी त्या दिवशी जे करता येईल ते केले. बाकीचे देवाने केले.

संत जोसेफ वाझ यांच्या मध्यस्थीने प्रभू आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक घराला ही चिकाटी देवो. आपणा सर्वांना नवे वर्ष कृपेचे आणि शांतीचे जावो.